मालवणात म्हणे अस्सल जेवण मिळतं!

जरा जवळ सरका, ही मोठ्याने बोलायची गोष्ट नाही. गेल्या काही मोसमांत आपल्यातल्या चांगल्या घरच्या, शिकल्यासवरल्या, सोसायटीचा मेंटेनन्स वेळच्या वेळी भरणाऱ्या माणसांना एक भलताच नाद लागलाय. ही माणसं मालवणला जातात आणि तिथे 'अस्सल' जेवण शोधत फिरतात. शोधतात तेही कसं, तर उपवर मुलीला स्थळ शोधावं तसं! घराणं बघतात, चार ठिकाणी चौकशी करतात, फोटो मागवतात, खर्चाचा अंदाज घेतात आणि एवढं करून पसंत पडलं तरी बाहेर येऊन म्हणतात, "ठीक होतं, पण अजून चांगलं मिळालं असतं."

मालवण म्हणजे काय बघण्यासारखं कमी असलेलं गाव आहे का? समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला त्याचा पाया घातला आणि तीन वर्षांत तट उभे राहिले. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी! पण आमचे शोधक जेटीवर उभे राहतात ते किल्ल्याकडे पाठ करून. एखाद्या होडीवाल्याला बाजूला घेतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, "दादा, तुम्ही स्वतः कुठे जेवता?"

होडीवाला म्हणतो, "घराक."

इतकं सरळ उत्तर मिळूनही तपास थांबत नाही, हे विशेष. मग रिक्षावाला. मग एसटी स्टँडवरचा पेपरवाला. मग लॉजच्या काउंटरवरचा पोरगा. तिघांच्या जबान्या जुळल्या की गाडी वळवायची, आणि जुळल्या नाहीत तर "लोकल माणसं खरं सांगत नाहीत" असा शेरा मारून मोबाइल काढायचा.

आणि मागण्या तर ऐका! जेवण घरगुती हवं, पण घरातल्यासारखं "आज हेच आहे" असं कोणी म्हणायचं नाही. जागा पर्यटकांना ठाऊक नसलेली हवी, पण मोबाइलच्या नकाशावर सापडली पाहिजे. चुलीवरचं हवं, पण धूर नको. माडाखाली बसायचं आहे, पण वर पंखा हवा. मासा आज सकाळी समुद्रातून आलेला हवा, काटा मात्र नको. आणि या सगळ्याचं बिल शहरातल्या उडप्याकडच्या राईसप्लेटपेक्षा दहा रुपये तरी कमीच व्हायला पाहिजे, नाही तर "लुटतात हो टुरिस्टना" हे वाक्य तयारच. आदल्याच दिवशी समुद्रात डोकं बुडवून मासे बघायला याच माणसाने मोजलेले पैसे मात्र लूट नसते. तो अनुभव असतो. मासा जिवंत असताना बघायचा तर किंमत हसत द्यायची, ताटात आल्यावर घासाघीस करायची. शिव शिव!

हा नाद लागायला वेळ लागला, हेही सांगून ठेवते. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला, १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीला विमानही उतरलं. तारकर्ली आणि देवबागमध्ये मासेमारी करणाऱ्या घरांनी मागच्या दोन खोल्यांना टाइल्स लावल्या, न्याहारी-निवासाच्या पाट्या टांगल्या. इथपर्यंत सगळं सभ्यपणे चाललं होतं. मग कुणाला तरी काकू सापडल्या.

काकू माहीत नाहीत? मग तुम्ही समाजात वावरता कुठे? आजकाल प्रतिष्ठित माणसाची मालवणात एक तरी खासगी काकू असते. "हॉटेलात कसले जाता? आमच्या एक काकू आहेत. बोर्ड नाही, मेनू नाही. फोन करून सांगायचं, बस्स." हे सांगताना चेहऱ्यावर जे तेज येतं ते मुलगा परदेशात लागल्याचं सांगतानाही येत नाही. नंबर विचारलात तर आधी आढेवेढे. मग "कुणाला देऊ नका हं" अशी शपथ घालून नंबर मिळतो. ती शपथ घालून तो तुमच्या आधी चाळीस जणांना मिळालेला असतो, हे काकूंच्या पडवीत चाळीसही जण एकदमच भेटतात तेव्हा कळतं.

पुढचा अंक तर याहून खमंग. दोन मोसमांत पडवीवर पत्रा येतो. पत्र्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात. काकूंच्या हाताखाली दोन पोरं येतात, रस्त्याच्या तोंडाशी काकूंचा फोटो असलेला फ्लेक्स लागतो आणि थाळीचा दर वाढतो. मग ज्या गृहस्थांनी काकूंचा शोध लावला तेच सुस्कारा टाकून सांगतात, "आता पूर्वीची मजा राहिली नाही. काकू कमर्शियल झाल्या." काकू कमर्शियल झाल्या! अहो, चाळीस जणांना नंबर वाटलात तुम्ही, आणि कमर्शियल झाल्या त्या? त्या पत्र्याच्या पैशातून मुलीची कॉलेजची फी गेली असेल, होडीच्या इंजिनाचं काम निघालं असेल. पण आपल्याला काकूंच्या हातची चव हवी असते आणि काकूंची गरिबीही तशीच राहायला हवी असते. या सगळ्या प्रकरणात लाज वाटण्याजोगं काही असेल तर ते हे आहे. फ्लेक्स त्या मानाने अगदीच निरुपद्रवी.

फ्लेक्सवरून आठवलं. मालवणातल्या भरडापासून तारकर्लीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत जा. घरगुती जेवण, अस्सल घरगुती जेवण, शुद्ध घरगुती मालवणी जेवण, आईच्या हातचं घरगुती जेवण. एवढ्या पाट्यांत 'आम्ही हॉटेलसारखं जेवण करतो' असं प्रामाणिकपणे सांगणारी एकही पाटी नाही. आणि आत? आत मेनूकार्डावर घरगुती सुरमई थाळीच्या खाली घरगुती पनीर टिक्का आणि घरगुती ट्रिपल शेजवान राईस. याबद्दल मालकाला दोष देऊ नका हं. पनीरसुद्धा आपल्यातल्याच कुणीतरी मागितलेलं असतं. गाडीत सहा जण असले की त्यातला एक मासे खात नाही, एकाचा उपास असतो आणि एका लहानग्याला नूडल्सच लागतात.

आता चवीच्या परीक्षेचं ऐका, म्हणजे तुमचा माणुसकीवरचा विश्वास उडेल. थाळी येते. शोधक पहिला घास घेतो, डोळे मिटतो, उघडतो आणि जाहीर करतो, "दादरसारखी नाही." मालवणात बसून! याचीही एक गोष्ट आहे. कोकणातला चाकरमानी गिरणीत कामाला मुंबईत आला, बायकामुलं गावी राहिली आणि गिरणगावात त्याला महिन्याच्या बोलीवर खानावळीचं जेवण लागलं. त्या जेवणाची पुढे हॉटेलं झाली. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण' नाटकाने १९८० पासून मुंबईला मालवणी बोलीची गोडी लावली, आणि या हॉटेलांनी मालवणी चवीची. पण हॉटेलाला रोज तेच ताट लागतं, म्हणून सणासुदीचं आणि पाहुणचाराचं तेवढं निवडून कार्डावर आलं. कोंबडी-वडे, सुरमई फ्राय, सोलकढी. झालं, मालवणी जेवण म्हणजे हे तीन पदार्थ, असं आपलं ठरलं. आता आपण मालवणला जातो ते दादरची शाखा तिथे बरोबर चालली आहे ना, हे तपासायला.

त्यातल्या कोंबडी-वड्यांचं काय ते आधी उरकून टाकू. तांदूळ, उडीद, चणाडाळ, थोडे गहू, धणे, मेथी असं भाजून दळलेलं वड्याचं पीठ, त्याचे टम्म फुगलेले वडे आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावलेला कोंबडीचा रस्सा. उत्तम प्रकार, वादच नाही. पण घरात हा बेत जावई आला, शिमगा झाला, मुंबईचा भाऊ आला की होतो. म्हाळात, म्हणजे पितृपक्षात, तर हेच वडे काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर असतात. रोज दुपारी कोण तळत बसणार? आणि आपल्याला तर कोंबडीही गावठीच हवी. मोसमातल्या एका शनिवारी तारकर्ली-देवबागेत 'गावठी' म्हणून जेवढी ताटं उठतात तेवढ्या गावठी कोंबड्या खरोखर असत्या, तर रस्त्यावर गाड्यांना वाट मिळाली नसती. एक साधी खूण सांगते. गावठी कोंबडी शिजायला वेळ खाते, म्हणून ती आधी सांगावी लागते. ऑर्डर दिल्यावर पंधराव्या मिनिटाला हजर झालेली कोंबडी दुसऱ्या कुळातली असते. तिला तसं तोंडावर म्हणू नका, गप्प खा.

आणि आता सुरमई. दार लावून घ्या.

मालवणच्या किनाऱ्यावर मासे किती प्रकारचे येतात? बांगडे, तारल्या, पेडवे, मुडदुशे, सौंदाळे, शेंगटी, मोरी, तांबोशी, कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, खाडीतली कालवं. आपल्या मंडळींना दोनच नावं येतात, आणि ती या यादीत नाहीतच. सुरमई आणि पापलेट. सुरमईवर एवढं प्रेम का? कारण मधला एक काटा काढला की काम संपलं. ती तुकडीवर विकता येते, बर्फात टिकते, लाल मसाला आणि रव्याखाली छान दिसते. हॉटेलवाल्यालाही सोयीची, कारण माणसं वाढली की तुकडी पातळ करता येते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तुकडी उजेडासमोर धरून बघा, पलीकडचा किल्ला दिसेल. मोठी मागणी एकाच माशाला, म्हणून भाव त्याचाच चढा, आणि त्या भावाने सुरमई थाळी खाऊन वर तक्रार काय, तर मालवण महागलं. मालवण नाही हो महागलं, सुरमई महागली. शेजारच्या टेबलावर बँकेतला शिपाई बांगड्याची थाळी खाऊन तुमच्या निम्म्या-पाऊण पैशात ढेकर देऊन गेलासुद्धा.

तारलीची गोष्ट तर ऐकवत नाही. तेलकट मासा, म्हणून लवकर खराब होतो. काटे बारीक आणि भरपूर. बर्फात चार दिवस ठेवून शनिवार-रविवारच्या गर्दीला वाढायची सोय नाही, म्हणून हॉटेलात तिला जागा नाही. पण सकाळी होड्या लागल्यावर स्वस्तात पाटीभर मिळते, म्हणून घरोघरी तीच. ओलं खोबरं, मिरची, चार सोलं आणि ठेचलेली तिरफळं घालून केलेलं तारलीचं किंवा बांगड्याचं तिखलं, आणि खाली उकड्या तांदळाचा भात. म्हणजे जी वस्तू ताजीच असावी लागते, इथेच मिळते आणि स्वस्तही पडते, ती आमचे शोधक बाजूला सारतात. तिरफळ दाताखाली आलं तर "यात काहीतरी लाकूड आहे" म्हणून पोऱ्याला हाक मारतात. ते चघळायचं नसतं, बाजूला काढून ठेवायचं असतं, एवढं कळायला स्थानिक असावं लागत नाही.

सोलकढीकडे वळू या का? नको वाटतं, पण वळू या. नारळाचा दाट रस, कोकमाचं आगळ, लसूण, हिरवी मिरची, मीठ, वर कोथिंबीर. रंग येतो तो आगळाचा. तो कधी फिकट, कधी जांभळट, आगळ घरोघरचं जसं असेल तसा. पण आपल्याला फोटोत दिसते तशी गुलाबीच हवी! मग मागणी तसा पुरवठा. काही ठिकाणी नारळाचा रस नावाला आणि रंग मात्र लग्नातल्या शालूचा. नारळ काढून घेतलेली कोकमाची कढीही कोकणात असते, तिला तिवळ म्हणतात, ती आपल्या जागी झकासच लागते. पण तिला सोलकढी म्हणून वाढणं आणि "अनलिमिटेड" म्हणणं हे पाप आहे. आणि नारळाचा आजचा भाव ठाऊक असून अनलिमिटेड मागणं हे त्याहून मोठं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, वेंगुर्ल्याच्या काजूला आहे. ग्राहकाच्या मागण्यांना मानांकन देण्याची सोय असती तर ही गुलाबी सोलकढीची मागणी पहिल्या फेरीत निवडली गेली असती.

याहून धक्कादायक माहिती म्हणजे माणसं जुलैत जातात आणि 'आज पकडलेली' सुरमई मागतात. भर पावसात! दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, चांगले ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. मासळीच्या विणीचा काळ, त्यात समुद्र खवळलेला. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकून ठेवलेल्या. त्या झाकलेल्या होड्यांसमोर उभं राहून फोटो काढायचा आणि वळून विचारायचं, "मावशी, फ्रेश सुरमई आहे ना?"

मावशी म्हणतात, "बंदी आसा रे झिला. सुरमय काय चलत येतली?"

चालत येत नाही, ट्रकमधून मात्र येऊ शकते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला लागून १४ जूनला संपते, म्हणजे इकडे होड्या झाकलेल्या असतात तेव्हा तिकडच्या समुद्रात जाळी पडलेली असतात. शिवाय शीतगृहं बाराही महिने चालू. तेव्हा जुलैत मालवणच्या समुद्राकडे तोंड करून तुम्ही जी सुरमई खाता, तिने कदाचित तो समुद्र कधी पाहिलेलाही नसतो. आणि खरी गंमत पुढे आहे. त्याच पावसात गावातली माणसं चढणीचे मासे खातात, खाडीतल्या कुर्ल्या खातात, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून त्याची खोबरं-कांदा घालून किसमूर करतात. टाकळ्याची, शेवग्याच्या पाल्याची भाजी असते. कुळथाची पिठी रटरटत असते. ऐन मोसमात न मिळणारं ताट समोर असतं आणि आपण बर्फातल्या तुकडीसाठी हट्ट धरून बसतो.

तसंच सोमवारचं. मालवणातली कितीतरी घरं सोमवारी मासे शिजवत नाहीत, श्रावणात तर नाहीच. पण आमचा शोधक रजा जोडून सोमवारीच उरलेला असतो. "सोमवारी मासे नाहीत म्हणजे काय? अस्सल मालवणी ना तुम्ही?" अहो, अस्सल आहेत म्हणूनच नाहीत! त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या मागितल्यात तर मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळही पुढ्यात येईल, फणसाची भाजी येईल, आणि बिल बघून चष्मा पुसावा लागेल. पण मालवणला जाऊन शाकाहारी जेवलो हे गावी येऊन सांगायचं कोणत्या तोंडाने?

आपलीच माणसं बिघडली आहेत असं वाटून खंत करू नका, शेजारी गोव्यात तर प्रकरण सरकारदरबारी गेलं. किनाऱ्यावरच्या शॅकांत जगभरचं सगळं मिळायचं, आणि गोव्याच्या घराघरांत रोज शिजणारी माशाची कढी आणि भात शोधायला मात्र गावात जावं लागायचं. शेवटी २०२३ मध्ये गोवा सरकारने शॅक धोरणातच ठरवलं की शॅकमध्ये गोव्याची माशाची कढी आणि भात ठेवलाच पाहिजे. विचार करा, समुद्राच्या काठावर मासा आणि भात मिळावा म्हणून मंत्रिमंडळाला लक्ष घालावं लागलं! उद्या आपल्याकडे बंदरावर बांगडा सक्तीचा झाला तर पहिला मोर्चा पनीरवाल्यांचा निघेल.

आता तुम्ही म्हणाल, एवढी नावं ठेवलीत, मग जेवायचं कुठे? नाव-पत्ता मी सांगणार नाही. सांगितला की तिथे पत्रा येणार. पण रीत सांगते, तिला पत्रा लागत नाही.

पहिली गोष्ट, प्रश्न बदला. "सुरमई आहे का?" असं विचारलंत की उत्तर "आहे" असंच येतं, मग ती कुठूनही येवो. "आज काय आलंय?" असं विचारून बघा. समोरचा माणूस एकदम खरं बोलायला लागतो. बांगडे आलेत, मोरी आहे, तिसऱ्या चांगल्या आहेत, कोळंबी आज नको. 'आज नको' असं जो सांगतो त्याच्याकडे डोळे मिटून जेवावं. खडूने फळ्यावर लिहिलेल्या चार ओळींवर जेवढा भरवसा ठेवावा तेवढा लॅमिनेट केलेल्या आठ पानांवर ठेवू नये. आठ पानांतलं सगळं रोज मिळायचं तर त्यातलं बरंचसं फ्रीजरमध्येच वस्तीला असणार, हे साधं गणित आहे.

दुसरं म्हणजे घड्याळ. तहसील कचेरी, बँक, शाळा, एसटी इथली माणसं बाराच्या सुमाराला ज्या खानावळीत शिरतात तिथे शिरा. एकच आमटी, एक तळलेला मासा, भात हवा तेवढा. ताटं भराभर उठतात, काही शिल्लक राहत नाही, निवडीला वाव नाही, म्हणून स्वस्त. दीड वाजता समुद्रातून ओले केस घेऊन येणारी फौज पोचते तेव्हा तिथली आमटी तळाला गेलेली असते. मग ती फौज "काहीच नव्हतं" म्हणत पाटीवाल्या रस्त्याला लागते.

राहत्या घरात जेवणार असाल तर सकाळीच सांगा, किती माणसं आणि कितीपर्यंत खर्च. घरची बाई बाजारात जायच्या आधी सांगितलंत तर ती त्या पैशात जे उत्तम ते आणेल. दुपारी एक वाजता "दहा माणसं आहोत, जे असेल ते चालेल" म्हणालात तर जे असतं ते फ्रीजरमध्ये असतं. काही घरांत तुम्ही मासे आणून दिलेत तर करूनही देतात. आता मासळीबाजारात मासे वाट्यावर मिळतात, आणि वाट्याचा भाव करताना तिथल्या बायकांशी गाठ असते, हे ध्यानात ठेवा. एमबीए झालेले भलेभले तिथे मूळ भावापेक्षा जास्त देऊन, शिवाय आशीर्वाद घेऊन परतले आहेत.

न्याहारीचं तर कुणी बोलतच नाही. लॉजवर 'ब्रेकफास्ट इन्क्लुडेड' म्हणून पांढरा ब्रेड, जाम आणि थंड पोहे खायचे, आणि गावात सकाळी गरम घावणे-चटणी, आंबोळी-उसळ, उसळ-पाव संपून जायचे. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, नारळाच्या गुळ घातलेल्या रसात. ते सांगून करून घ्यावे लागतात, पण त्यासाठी माणसाला आधी ठाऊक हवं की मालवणात गोडही असतं. बाजारात आलं-गुळाचा खाजा, खडखडे लाडू वजनावर मिळतात. आपण मात्र तेच पुढे एअरपोर्टच्या दुकानात खोक्यात घालून तिप्पट भावाने घेतो, कारण खोक्यावर किल्ल्याचं चित्र असतं.

एवढं सगळं सांगूनही मला भीती वेगळीच आहे. ऐकते ती कुजबुज खरी असेल तर नादिष्टांची नजर आता पेजेवर गेली आहे. होय, पेजेवर! उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा नाही तर आंब्याचं लोणचं. शेतावर जाण्याआधी पोटात ढकलायची ती वस्तू. गेल्या मोसमात म्हणे एक कुटुंब देवबागेत उतरलं होतं. सकाळी जाम-ब्रेड पुढ्यात आला. आतल्या पडवीत घरची माणसं पेज पीत बसली होती, सुक्या बांगड्याचा वास सुटलेला. पाहुण्यांचे डोळे चमकले. बाई भीत-भीत म्हणाल्या, "काकू, आम्हालाही हेच द्या ना." काकूंनी आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं, पैसे कमी पडले की काय या विचाराने. मग वाडगे भरून दिले. चौघांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. बिलात पेजेचे पैसेच नव्हते, कारण पेजेचे कसले पैसे लावायचे हे कुणालाच सुचेना.

निघताना गृहस्थांना राहवेना. ते सल्लागार स्वभावाचे होते. "काकू, एवढी चांगली वस्तू! ही तुमच्या मेनूत का नाही?"

काकू घाबरून म्हणाल्या, "मेनूत घातलां तर आमी काय खावचां?"